जोते घालण्यापूर्वी

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी मी घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवायचे ठरवले. निवृत्ती जवळ आलेली, मुलाचे लग्न झालेले. सणासुदीला सगळी माणसे जमली की निजायला जागा पुरत नाही. घर आजोबांनी चिऱ्यांत बांधलेले, डिचोली तालुक्यातल्या एका लहान गावात, डोंगराच्या उतारावर. वर मंगलोरी कौले, पुढे पडवी, मागे फणसाची दोन झाडे आणि थोडी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत दोन खोल्या. इतके साधे काम. परंतु त्या दोन खोल्यांनी मला वर्षभरात जे शिकवले, ते तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवूनही मला कळले नव्हते, हे कबूल करायला हवे.

प्रथम कागदांविषयी. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे पंचायतीच्या लेखी परवानगीवाचून खेड्यात कोणालाही नवे घर बांधता येत नाही, किंवा असलेल्या घरात भर घालता येत नाही. पंचायतीने ३० दिवसांत निर्णय कळवला नाही तर उपसंचालकांकडे अपील करण्याची सोयही त्यातच आहे. जमीन शेतीची असेल तर १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार तिचे रूपांतर करून सनद घ्यावी लागते. नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी हवी, आरोग्य केंद्राचा दाखला हवा, इंजिनियरच्या सहीचे नकाशे हवेत. आणि या सगळ्याच्या मुळाशी फॉर्म एक-चौदाचा उतारा. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव होते. आजोबांना जाऊन चाळीस वर्षे झाली. तेव्हा वारसांचे कागद आले, मुंबईच्या आणि बेळगावच्या चुलत भावांच्या संमत्या आल्या. शेवटी फाईल एखाद्या चिऱ्याएवढी जाड झाली आणि तिला वजनही तितकेच आले.

ती फाईल ज्या टेबलांवरून गेली, त्यांची नावे इथे सांगण्याचे कारण नाही. एके ठिकाणी ती दोन महिने निजली, दुसऱ्या ठिकाणी एक कागद हरवला आणि तोच कागद मी पुन्हा दिला. कोणी पैसे मागितले नाहीत. नुसते ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणाले. असे सोमवार मोजत असताना भेटणारा प्रत्येक माणूस मला एकच सल्ला देत होता. ‘सर, आधी बांधून टाका. मग कायदेशीर करून घेता येते.’ सल्ला देणाऱ्यांत माझे सहकारी शिक्षक होते, देवळाचे महाजन होते, माझा एक जुना विद्यार्थीही होता. त्याला मी शाळेत नियमांचे महत्त्व शिकवले होते. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, उलट माझ्याविषयी कणवच होती.

तेव्हा मी स्वतःला विचारले, की आपण ही परवानगी का मागत आहोत? दंडाच्या भीतीने, सवयीने, की मुख्याध्यापकाला शोभत नाही म्हणून? तत्त्वचिंतक कांट याने १७८५ साली एक दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो दुकानदार लहान मुलालाही योग्य भावानेच माल देतो. पण त्याचे कारण प्रामाणिकपणा हेच असेल असे नाही. गिऱ्हाईक टिकावे हा हिशेबही असू शकतो. कृती एकच, पण पहिली नीतीची आणि दुसरी केवळ नियमात बसणारी. माझा अर्ज यांपैकी कोणत्या जातीचा, हे त्या दिवसांत मला सांगता आले नसते.

परवानगी मागणे ही काही कागदाबरोबर आलेली गोष्ट नव्हे. आपल्या भागात घराला हात लावण्यापूर्वी देवाला गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात, राखणदाराला नारळ ठेवतात. फणस तोडायचा तरी त्याला हात जोडून मग कुऱ्हाड उचलतात. या चालींना अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. मला त्यांत एक जुने शहाणपण दिसते. ही जागा केवळ माझी नाही, माझ्याआधी इथे कोणीतरी होते आणि माझ्यानंतरही असणार आहे, याची जोते घालण्यापूर्वी करून घेतलेली ती आठवण होती.

पण जुन्या काळाचे गोडवे गाताना आपण एक पान गाळतो. त्या काळात देवाच्या कौलाबरोबर भाटकाराचाही कौल लागत असे. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला एक पडवी काढायची, मातीच्या भिंतीच्या जागी चिऱ्याची भिंत घालायची, तरी भाटकाराच्या दारात उभे राहावे लागे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ही स्थिती पालटली. मुंडकाराला घरातून काढून टाकण्यास बंदी आली, आणि घर व सभोवतालची ठरावीक जमीन, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क मिळाला. आमच्याच तालुक्यातल्या मये गावाची कथा तर याहून लांबलेली. तिथली मोठी जमीन पोर्तुगीज राजवटीतल्या एका काउंटच्या घराण्याकडे होती. १९६१ च्या मुक्तीनंतर मालक परदेशी राहिले आणि १९६४ च्या परागंदा मालमत्तेच्या कायद्याखाली ती जमीन सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या माणसांना स्वतःच्या घराविषयी विचारायला मालक नाही, आणि जो आहे तो केवळ राखणदार, अशी स्थिती पन्नास वर्षे राहिली. मयेकरांनी त्यासाठी आंदोलने केली. २०१४ च्या कायद्याने ते जुने मालकीचे हक्क रद्द झाले आणि त्यानंतर रहिवाशांच्या हाती सनदा पडू लागल्या.

म्हणून ‘पंचायतीचा परवाना’ या शब्दांना मी हसत नाही. एका माणसाच्या मर्जीऐवजी आपणच निवडून दिलेल्या संस्थेकडे अर्ज करायचा, तिने लेखी उत्तर द्यायचे, ठरलेल्या दिवसांत द्यायचे, नाही दिले तर वर दाद मागायची. ही मोठी मजल आहे. टेबलावर फाईल निजत असेल तर तो त्या मजलेचा अपमान आहे, ती मजल खोटी असल्याचा पुरावा नव्हे. सॉक्रेटिसाला तुरुंगातून पळून जाण्याचा सल्ला मित्रांनी दिला होता. ज्या कायद्यांच्या छायेत मी वाढलो, ते माझ्याविरुद्ध गेले म्हणून मी मोडू का, असा त्याचा प्रश्न होता. दोन खोल्यांसाठी सॉक्रेटिसाला साक्षीला बोलावणे थोडे अतीच होईल. पण मी थांबलो. या वर्षीच्या मार्चमध्ये परवाना हातात आला. मी तो देवापुढे ठेवला, आणि आपण सरळ मार्गाने गेलो याचा मला अभिमान वाटला, हेही लपवत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे.

पाडवा झाल्यावर गवंडी आला आणि त्याने चुन्याने रेषा आखल्या. आमच्या परड्याखाली एक घर आहे. तिथे सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा आणि त्याचा मुलगा राहतात. त्याचा बाप आमचा मुंडकार. घर आता त्यांच्या नावावर आहे. म्हातारा वर आला, रेषांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘‘मास्तर, उदक आपली वाट विसरना.’’ मला अर्थ लागेना. तेव्हा त्याने काठीने जमिनीवर ओढून दाखवले. डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी आमच्या मागच्या परड्यातून, फणसांच्या मधून, तिरकस वाहत जाऊन व्हाळाला मिळते. वर्षातले चारच महिने ते वाहते. माझ्या दोन खोल्या नेमक्या त्या वाटेवर बसत होत्या. इंजिनियरने नकाशात पाण्यासाठी सिमेंटचे गटार दाखवले होते; ते बाजूने वळून हद्दीशी संपत होते. हद्दीच्या खाली म्हाताऱ्याचे स्वयंपाकघर.

त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघावे? मी म्हणालो, ‘‘परवाना आहे माझ्याकडे.’’

म्हातारा काही बोलला नाही. काठी टेकत खाली गेला. रात्री मला झोप लागली नाही, कारण ते वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकले होते असे सारखे वाटत होते. मग आठवले. मी सात-आठ वर्षांचा असेन. या म्हाताऱ्याचा बाप आमच्या पडवीच्या पायरीखाली उभा होता. त्याला घराच्या मागे एक खोली काढायची होती. आजोबा सुपारी कातरत होते. मान वर न करता ते म्हणाले, ‘‘जागा माझी आहे, बघू पुढे.’’ ते ‘पुढे’ दोन वर्षांनी आले. आजोबा दुष्ट नव्हते. गावात त्यांना मान होता. विचारायला आलेल्या माणसाकडे मान वर करून पाहण्याची त्यांना गरज नव्हती, इतकेच. आणि आता मलाही ती गरज उरली नव्हती. त्यांच्याजवळ जमीन होती, माझ्याजवळ परवाना होता.

याहून अधिक लाज वाटावी असा एक विचार त्या रात्री मनात आला होता, तोही सांगतो. म्हाताऱ्याच्या त्या स्वयंपाकघराला परवानगी नाही. मुलाचे लग्न झाले तेव्हा त्याने ते घाईने काढले. म्हणजे कागदोपत्री मी कायद्याने चालणारा आणि तो बेकायदेशीर. पण त्याच्या स्वयंपाकघराने कोणाचे पाणी अडवले नव्हते, कोणाची वाट बंद केली नव्हती. आणि सगळे दाखले जोडलेल्या माझ्या खोल्या त्याच्या चुलीत पाणी सोडणार होत्या.

हे कसे घडले याचा मी विचार केला. कोणी लबाडी केली नव्हती. पाहणीला अधिकारी आले ते फेब्रुवारीत. तेव्हा परडे खडखडीत कोरडे. हद्दीपासून सोडायचे अंतर नियमाप्रमाणे सोडले होते, त्यामुळे शेजाऱ्याला विचारण्याचा प्रश्नच आला नाही. प्रत्येक टेबलाने आपला प्रश्न विचारला. जमीन कोणाची, क्षेत्र किती, उंची किती, संडास कुठे. प्रत्येक प्रश्न योग्य होता. फक्त ‘या भिंतीचा त्रास कोणाला होईल?’ हा प्रश्न कोणत्याच टेबलाच्या वाट्याला आला नव्हता. तो माझ्या वाट्याचा होता आणि मी तो विचारला नव्हता.

कायद्याला हा प्रश्न अगदीच ठाऊक नाही असे नाही. वरच्या जमिनीतून नैसर्गिकपणे वाहणारे पाणी खालच्या जमिनीने सोसावे. पण वरच्याने आपल्या हाताने त्या पाण्याचा त्रास वाढवू नये, हे तत्त्व फार जुने आहे. नेपोलियनच्या १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत त्याला स्वतंत्र कलम आहे. आपल्या नगर नियोजन कायद्यातही १७-अ हे कलम आहे. परवानगीवाचून डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला ते मनाई करते. कायदा करणाऱ्यांनी पाण्याचा विचार केला होता. पण कलम पुस्तकात असते आणि पाणी परड्यात. त्या दोघांची गाठ घालून देणारा माणूस लागतो, आणि तो बहुधा खालच्या अंगाला राहणारा असतो.

आमच्या डिचोलीने हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. इथल्या खनिजाचे परवाने पोर्तुगीज सरकारने दिलेले. १९८७ च्या कायद्याने त्यांचे लीजांत रूपांतर झाले. कागद होते, शिक्के होते. शिरगावसारख्या गावांच्या विहिरी आणि शेते यांचे काय झाले, ते इथल्या माणसांना सांगायला नको. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या आणि २०१४ मध्ये सांगितले की त्या लीजांची मुदत २००७ सालीच संपली होती. परवाना देणाऱ्याला ज्या विहिरीचे पाणी प्यायचे नसते, त्या विहिरीविषयी तो फारसा विचार करत नाही. माझ्या दोन खोल्यांत आणि खाणीत फरक फक्त आकाराचा होता.

आणि पेडण्यात आता हा आकारही वाढत चालला आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून वाहतुकीला खुला झाला. त्याआधीपासूनच मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्याकडे आणि आता आतल्या डोंगरउतारांकडेही बाहेरचा पैसा वळला आहे. तिथला अर्जदार गावात राहणारच नसतो. त्याच्या भिंतीखाली कोण राहते हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याची त्याला निकडही नसते. अशा वेळी खालच्या माणसाला काठीने रेघ ओढून दाखवायलाही समोर कोणी नसते. त्याच्याजवळ उरते ती ग्रामसभा आणि तो कायदा. म्हणून ‘परवाना म्हणजे नुसता कागद’ असे म्हणणारा माणूस, नकळत का होईना, त्या खालच्या माणसाच्या हातची काठी काढून घेत असतो. २००६ ची प्रादेशिक योजना लोकांच्या रेट्यामुळे २००७ च्या सुरुवातीला सरकारला मागे घ्यावी लागली, तेव्हा गावोगावच्या माणसांनी हेच दाखवून दिले होते. जमीन कशासाठी वापरली जाणार हे आम्हाला विचारा, एवढेच त्यांचे मागणे होते.

दिवाळीत बलिप्रतिपदा येते. बळीराजाकडे वामनाने मागितली ती फक्त तीन पावले. बळीने परवानगी दिली आणि मागणारा वाढत गेला. त्याच्या दोन पावलांत तिन्ही लोक संपले, तिसरे बळीच्या डोक्यावर आले. मुलांना ही गोष्ट सांगताना आपण देवाची थोरवी सांगतो आणि ते ठीकच आहे. पण सामान्य माणसाची सहानुभूती बळीकडे असते. आपल्या बायका ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणतात ते उगाच नाही. घराची परवानगी घेऊन हॉटेल उभे राहते, कुंपणाची परवानगी घेऊन डोंगर कापला जातो, तेव्हा मला ती तीन पावले आठवतात. वामन देव होता. देव नसलेल्यांनी तरी तीन म्हणजे तीनच पावले टाकावीत.

मग ‘आधी बांधा, मग कायदेशीर करा’ या सल्ल्याचे काय? २०१६ साली अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा झाला. २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा बांधकामांबाबत कडक आदेश दिले आणि त्याच वर्षी विधानसभेने २०१४ पूर्वीच्या कित्येक घरांना नियमित करण्यासाठी कायद्यात दुरुस्त्या केल्या. या गोष्टींवर गावात दोन तट आहेत. माझे मत असे, की ज्याला विचारण्याची वाटच खुली नव्हती, ज्याची जमीन परागंदाची किंवा भाटकाराची होती, ज्याच्या उताऱ्यावर कधी नावच चढले नाही, त्याचे घर नियमित करणे हा उशिरा मिळालेला न्याय आहे. म्हाताऱ्याचे स्वयंपाकघर या रांगेतले. पण ज्याच्यापुढे वाट खुली होती आणि तिच्यावरून चालण्याचा कंटाळा होता, त्याला तोच कागद मिळाला तर ते बक्षीस ठरते. आणि मीही माझा जुना विद्यार्थी म्हणाला तसे केले असते तर त्या बक्षिसाच्या रांगेत उभा राहिलो असतो, तेही खालच्या घरात पाणी सोडून.

तेव्हा माझ्या मते प्रश्न दोन आहेत, आणि आपण त्यांतला एक विचारून मोकळे होतो. ‘मला परवानगी आहे का?’ हा पहिला. त्याचे उत्तर पंचायत देते आणि ते घेतलेच पाहिजे, कितीही सोमवार गेले तरी. ‘माझ्या बांधण्याने कोणाला सोसावे लागेल?’ हा दुसरा. त्याचे उत्तर कोणत्याच टेबलावर मिळत नाही. त्यासाठी परडे उतरून खाली जावे लागते. पहिला प्रश्न न विचारणारा कायदा मोडतो. दुसरा न विचारणारा कायदा पाळूनही आजोबांसारखा सुपारी कातरत बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. आमच्या घराण्यातला माणूस काही विचारायला त्या पायरीपाशी उभा राहिल्याची ही बहुधा पहिलीच वेळ. म्हाताऱ्याने मला आत बोलावले, चहा दिला. मी आजोबांची गोष्ट काढली नाही, त्यानेही काढली नाही. पण ती दोघांनाही आठवत होती असे मला वाटते. खोल्या फणसाच्या पलीकडे सरकवल्या तर पाण्याची वाट सुटेल, असे त्याचे म्हणणे पडले. त्यात एक खोली लहान होते. पत्नीला ते पसंत नव्हते. ‘‘एवढे महिने फाईल घेऊन फिरलात, आता पुन्हा?’’ ती म्हणाली. तिचे चुकत नव्हते. नकाशा बदलला की सुधारित मंजुरी घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा तीच टेबले. या चतुर्थीलाही पाहुणे पडवीतच निजले.

पावसाळाभर मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसत असे. इतकी वर्षे त्या घरात राहूनही ते पाणी मी कधी लक्ष देऊन पाहिले नव्हते. जुलैत एका रात्री डोंगरावर धो धो पाऊस झाला आणि फणसांच्या मधून लालसर पाण्याचा गुडघाभर लोट गेला. म्हाताऱ्याने काठीने ओढलेल्या रेषेवरून तो हातभरही ढळला नाही.

सुधारित नकाशा मी गेल्या महिन्यात पंचायतीत दिला आहे. नकाशा काढणाऱ्या मुलाला मी ती पाण्याची वाट दाखवायला सांगितली, तेव्हा तो गोंधळला. चार महिने वाहणाऱ्या पाण्याला कोणती खूण घालायची ते त्याला ठाऊक नव्हते. शेवटी त्याने एक तुटक रेघ मारली आणि तिच्यावर हातानेच लिहिले, ‘पावसाळी पाण्याची वाट’. फाईल पुन्हा टेबलावर आहे. मला पुढच्या सोमवारी बोलावले आहे.